मुक्तांगण, येरवडा: पस्तीस दिवस आणि त्यानंतरचं सगळं

आधी माझं मत सांगते, कारणं मागाहून. घरात पिणारं माणूस असेल आणि पुण्याला येणं-जाणं जमण्यासारखं असेल, तर येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जरूर जा. मात्र ‘३५ दिवस ठेवलं की सुटलो’ असं धरून जाऊ नका. तिथलं सगळ्यात मोलाचं काम पेशंट घरी आल्यावर सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. ते घ्यायची तयारी असेल तर माझ्याकडून पाचपैकी पाच.

मी सासवडची. बाजारपेठेत ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे माझं. धाकटा भाऊ वायरमन. शेतातल्या मोटारी, घरांचं फिटिंग, लग्नाच्या मांडवाची लायटिंग, सगळ्यात हात बसलेला. वाड्यावस्त्यांवरून लोक त्याला शोधत यायचे. रात्रीचं काम संपलं की पैसे आणि वर एक क्वार्टर, अशी आमच्याकडे या धंद्यात रीतच आहे. तिथून सुरुवात झाली. पुढे सकाळी हात थरथरायला लागले म्हणून प्यायचा, आणि थरथरत्या हाताने खांबावर चढायचा. ज्याच्या घरातलं माणूस विजेचं काम करतं त्याला कळेल की भावजयीचे ते दिवस कसे गेले असतील.

मुक्तांगणला जाण्याआधी आम्ही काय काय केलं ते लिहिते, कारण बहुतेक घरांत हाच क्रम असतो. पहिल्यांदा माळ घातली. सासवड म्हणजे सोपानकाकांचं गाव, माउलींची पालखी इथे मुक्कामाला असते, त्यामुळे माळ घातली की माणूस सुटतो ही श्रद्धा घराघरांत आहे. आणि काहीजण सुटतातही, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भावाची माळ काही महिने टिकली. तुटली तेव्हा पिण्यापेक्षा माळ मोडल्याची लाज त्याला जास्त लागली आणि त्या लाजेवर तो आणखी प्यायला. मग कुणीतरी जेवणात न सांगता मिसळायची पावडर आणून दिली. ती मी भावजयीला टाकून द्यायला लावली, आणि आज वाटतं तेच बरं केलं. अशा पुड्यांत काय असतं कुणी सांगत नाही. काहींत दारूची ॲलर्जी आणणारं औषध असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरही हे औषध देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून.

त्यानंतरच्या नवरात्रात घट बसले आणि भावाने स्वतःहून बंद केली. एकदम. आम्हाला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी रात्री तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणायला लागला की वायरी हलतायत, करंट उतरलाय, पोरांना लांब घ्या. अंगाला दरदरून घाम, ताप, हात स्थिर नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं: रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की साधारण दोन ते चार दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोही. म्हणून रोज पिणाऱ्या माणसाला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घरात घालू नका. बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मधे एका दुसऱ्या केंद्राचाही अनुभव झाला. नाव लिहीत नाही. रात्री गाडी आली, चार माणसांनी भावाला उचलून नेलं. घरच्यांना भेट नाही, फोन नाही. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि महिनाभर तो आमच्याशी बोलला नाही. पिणं पंधरवड्यात पुन्हा सुरू झालं. असल्या जागांबद्दल लोकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार त्यात धरलेले आहेत. पेशंटला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे, आणि क्रूर, अपमानकारक वागणुकीपासून संरक्षण हा पेशंटचा हक्क आहे. तुमच्या माणसाला कुठे ठेवणार असाल तर आधी आत जाऊन बघा. बघू देत नसतील तर तिथून परत फिरा.

मुक्तांगणचं नाव आम्हाला माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ब्लाउजचं माप देता देता बाई सहज म्हणाल्या की आमच्या ह्यांचा पुढच्या महिन्यात मुक्तांगणमध्ये वाढदिवस आहे. मला वाटलं तिथे नोकरीला असतील. तर वाढदिवस म्हणजे दारू सोडल्याचा. लपवण्याची गोष्ट एखादी बाई दुकानात उभी राहून इतक्या मोकळेपणी सांगते, याचंच मला त्या दिवशी जास्त नवल वाटलं.

ही संस्था कशी उभी राहिली हे समजलं की तिथली माणसं अशी का वागतात ते कळतं, म्हणून थोडं लिहिते. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द आलं, म्हणजे ब्राऊन शुगर. चांगल्या घरातली पोरं हाताबाहेर जायला लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, नुसते हळहळत न बसता त्यांनी देणगी पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. सुरुवात गर्दच्या पेशंटपासून. त्यांना व्यसन बंद केल्यावर जो भयंकर त्रास होतो त्याला ती पोरं ‘टर्की’ म्हणत. त्या त्रासात त्यांच्याजवळ बसायचं, त्यांना शिव्या द्यायच्या नाहीत, हा आजार आहे हे धरून वागायचं, ही शिस्त सुनंदा मॅडमनी घालून दिली. हळूहळू दारूचे पेशंट वाढले, संस्था आळंदी रोडला मोहनवाडीत स्वतःच्या इमारतीत आली, बायकांसाठी ‘निशिगंध’ नावाचा वेगळा विभाग झाला, इतर शहरांत फॉलोअपची, म्हणजे घरी गेलेल्या पेशंटने पुन्हा पुन्हा येऊन बोलत राहण्याची, केंद्रं झाली. आता मोबाइल सुटत नाही म्हणूनही मुलांना घेऊन आईवडील येतात.

सुनंदा मॅडम १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या. अवचट, ज्यांना तिथले सगळे बाबा म्हणत, २०२२ मध्ये गेले. आपल्याकडे संस्थापक गेले की पाठोपाठ संस्थेचा जीव जातो, फक्त फोटो आणि हार उरतात, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. इथे तसं झालं नाही. मुलगी मुक्ता पुणतांबेकरांनी काम पुढे नेलं हे एक कारण आहेच. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. तिथे काम करणाऱ्यांत बरेचजण एकेकाळचे पेशंट आहेत. इथे बरा झालेला माणूस पुढच्या पेशंटशी बोलायला बसतो, आणि त्या पेशंटपैकी एखादा काही वर्षांनी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येतो. संस्था वाढली ती अशी, आतून.

भावावर याचा परिणाम काय झाला ते सांगते. त्याला डॉक्टर, मास्तर, महाराज, सासरे, मी, सगळ्यांनी उपदेश केला होता. तो मान खाली घालून ऐकायचा आणि संध्याकाळी जायचा. मुक्तांगणमध्ये ज्या माणसाने त्याच्याशी पहिलं सविस्तर बोलणं केलं, तो स्वतः एके काळी पिणारा. त्याने एकही उपदेश केला नाही. बाटली कुठे लपवायचास, एवढं विचारलं. भाऊ गप्प. मग त्या माणसानेच सांगितलं की मी टाकीत लपवायचो. भाऊ म्हणाला, मी मीटरबॉक्सच्या मागे. तिथून त्याचं तोंड उघडलं. हे मला भावाने पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

३५ दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते पेशंटने सांगायचं. एवढं सांगते की सुरुवातीचे दिवस औषधोपचाराचे असतात, शरीरातून दारू उतरताना त्रास कमी व्हावा म्हणून. पुढे दिवस आखलेला असतो: योग, गटात बोलणं, व्यसन मेंदूचं आणि मनाचं काय करतं यावर माहिती, समुपदेशकाबरोबर एकट्याने बोलणं. भेटायला गेलो तेव्हा भावाची दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट होता, आणि मला ताई म्हणून हाक मारताना तो माझ्याकडे बघत होता. बरीच वर्षं तो माझ्याशी जमिनीकडे बघून बोलायचा.

आता घरच्यांच्या भागाकडे येते. बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. भावजय पहिल्यांदा यायला तयार नव्हती. तिचं म्हणणं बरोबरच होतं: पितो तो, आणि मी का जाऊ? मी का बदलू? मी तिला एवढंच म्हटलं की बदलू नकोस, नुसती बसून ये. ती बसली, आणि दुसऱ्या बायकांचं ऐकून आली. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा भाजीच्या गाड्यावर, कुणाचा प्राध्यापक. सगळ्या सारखंच करत आल्या होत्या: खिसे तपासायचे, बाटली मोरीत ओतायची, कामावर फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ म्हणून सांगायचं, पोरांना ‘बाबा दमलेत’ सांगायचं. भावजयीनेही हेच केलं होतं. गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची आणि भाऊ बाहेरगावी गेलाय असं सांगायची. त्या गटातून ती दोन गोष्टी घेऊन आली. तो पितो यात तिचा दोष नाही. आणि त्याच्यासाठी खोटं बोलणं हे तिचं काम नाही. दुसरी गोष्ट आमच्या घरात पचायला जड गेली, आईला तर फारच. नवऱ्याची अब्रू बायकोने झाकायची नाही तर कुणी, असं आई म्हणायची. पण भावजय ठाम राहिली. तिने स्वतःचं खातं उघडलं, दुपारी माझ्याकडे काज-बटणाला यायला लागली. भाऊ पीत असताना ती जितकी वाळली होती ते बघितलेलं असल्यामुळे सांगते, भाऊ सुधारला नसता तरी या एका गटासाठी मी मुक्तांगणला चांगलंच म्हटलं असतं.

आणि आता मुख्य गोष्ट. भाऊ साधारण वर्षभर उत्तम राहिला आणि गणपतीत घसरला. तिथल्या भाषेत याला स्लिप म्हणतात. मांडवांची कामं जोरात होती, रात्ररात्र जागरण, फॉलोअपला जाणं कामाच्या नावाखाली बंद झालं होतं. एका मंडळाने कामाचे पैसे थकवले, त्यावरून भांडण झालं, आणि त्या रात्री तो प्यायला. दुसऱ्या दिवशी तो मुक्तांगणचं नाव काढू देईना. कोणत्या तोंडाने जाऊ, हेच सारखं. माळ तुटल्यावर जे झालं होतं तेच पुन्हा होणार अशी मला धास्ती बसली.

आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी म्हणेल की इतकं समजावलं तरी असं कसं केलंस. कुणी म्हटलं नाही. त्यांना रस होता तो पिण्याच्या आधीच्या आठवड्यात काय काय झालं यात. झोप किती होती, जेवण वेळेवर होतं का, मनातलं बोलायला कोण होतं, फॉलोअप कधीपासून चुकला. त्या बोलण्यातून दिसलं की ग्लास हातात येण्याच्या खूप आधी घसरण सुरू झाली होती आणि ती घरात आम्हाला सगळ्यांना दिसतही होती, फक्त तिला नाव नव्हतं. मग उपाय अगदी साधे ठरले. रात्रीची मांडवाची कामं घ्यायची नाहीत, त्यात पैसे जास्त असले तरी. कामाचे पैसे रोख न घेता भावजयीच्या मोबाइलवर घ्यायचे. फॉलोअपचा दिवस हा कामाचा दिवस नाही. आणि चीडचीड वाढली की आम्ही ‘पिऊन आलास का’ असं न विचारता ‘जेवलास का, झोपलास का’ असं विचारायचं.

आजाऱ्याचं पथ्य मोडलं तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. दारूच्या आजारात पथ्य मोडलं की आपण त्याला घराबाहेर काढतो किंवा देवासमोर शपथ घालतो. मुक्तांगणने आमच्यासाठी जर सगळ्यात मोठं काय केलं असेल तर ते हे, की परत यायची वाट उघडी ठेवली. कुठल्याही केंद्राची चौकशी करताना मी आता लोकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: पेशंट पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता? उत्तरात राग किंवा नुसती पुन्हा भरतीची फी ऐकू आली तर विचार करा.

फॉलोअपला बसलं की दिसतं की कितीजण वर्षानुवर्षं येतात. कुणी दहा वर्षं सोडून झालेला, शेजारी कालच डिस्चार्ज मिळालेला. दारू पुन्हा कधीच पिणार नाही अशी शपथ कुणी घेत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ ही अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या परंपरेतली शिकवण आहे, आणि ती आमच्या वायरमनला माळेपेक्षा पेलली. आयुष्यभराचं वचन देताना तो घाबरायचा. आजच्या दिवसाचं देता येतं.

उणं काय वाटलं तेही लिहिते. रोजंदारीवरच्या माणसाला ३५ दिवस म्हणजे ३५ दिवसांची कमाई बुडणं. आमचं भागलं, कारण माझं दुकान होतं. ज्याच्या मागे कुणी नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न एका संस्थेने सोडवण्यासारखा नाही, पण तो आहे. बायकांचा वेगळा विभाग व्हायला पहिल्या दिवसापासून वीस वर्षांहून जास्त काळ जावा लागला, हेही मला टोचतं. मला दोन बायका माहीत आहेत ज्या पितात. त्यांना घरचे कुठेच नेत नाहीत, नुसतं लपवतात. म्हणून ‘निशिगंध’बद्दल पुरुषांच्या विभागाइतकंच मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. आणि बाहेरगावच्या पेशंटचा फॉलोअप पहिल्यांदा तुटतो, तो अंतरामुळे. भरतीच्या वेळीच विचारून घ्या की तुमच्या जवळ कुठे फॉलोअप चालतो.

एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळतो तो १८० जणांमागे एकाला. आमचा भाऊ त्या १८० मधला एक. बाकीच्या १७९ जणांच्या घरी आजही खिसे तपासले जात असणार. त्यामुळे एक मुक्तांगण कितीही वाढलं तरी पुरणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही हे काम व्हायला हवं. निदान भरतीनंतरचा फॉलोअप तरी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. फीची चौकशी थेट संस्थेत करा, आणि परवडत नसेल तर तेही स्पष्ट बोला. पेशंट यायला तयार नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका, घरच्यांनी आधी जाऊन बोलून यावं. पहिल्या खेपेला मी आणि भावजय दोघीच गेलो होतो. जाणं लगेच जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन खचलं असेल, पेशंटचं किंवा तुमचं, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. आमच्या बाजूने येणाऱ्यांनी दिवे घाटातून हडपसरला उतरावं, तिथून येरवड्याकडे जाणारी बस बघावी. आळंदी रोड, मोहनवाडी सांगितलं की पुरतं.